‘रिमेंबर मी’ म्हणजे काय रे भाऊ?

आधी एक कबुली देते. त्या स्क्रीनशॉटवर मीपण हसले होते.

झालं असं, की माझी एक मैत्रीण कॅम्पस इंटरव्ह्यूच्या पहिल्या फेरीतून पुढे गेली. दुसऱ्या फेरीची तारीख अजून ठरायची होती. तिने कंपनीच्या एचआरला मेल टाकला. मेल नीट होता. डिअर मॅम, थँक यू, सगळं जागच्या जागी. फक्त शेवटची ओळ होती, ‘प्लीज रिमेंबर मी द इंटरव्ह्यू डेट.’ उत्तर आलं, ‘शुअर, वी विल रिमेंबर यू’ आणि पुढे डोळा मारणारा स्मायली. तिला वाटलं, किती छान मॅडम आहेत! तिने ते कौतुकाने वर्गातल्या एकाला दाखवलं. त्याने ‘बघू, बघू’ म्हणत फोटो काढला आणि रात्री दहाच्या आत तो आमच्या ग्रुपवर होता. खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेल्या इमोजींची रांग. त्यातली एक माझी.

दुसऱ्या फेरीला ती गेलीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, “तारीखच विसरले गं.”

तारीख तिला पाठ होती, हे मला माहीत आहे. तीच तारीख तिने मला आधी दोनदा सांगितली होती.

ती सुरगाण्याकडची. बारावीपर्यंत मराठी माध्यम. तुमच्या वर्गातही अशी एक तरी असेल, किंवा असा एक तरी. कदाचित तुम्हीच असाल. मी स्वतः सेमी-इंग्रजीवाली, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि भांडण मराठीत. त्यामुळे मला वाटायचं, की ‘रिमेंबर’सारख्या सोप्या शब्दात कोणी चुकूच कसं शकतं? मग या पानासाठी काहीतरी लिही म्हणून सांगण्यात आलं, आणि मी या एका शब्दामागे लागले. आठवडाभर लागले होते. जे सापडलं, ते तुमच्यासमोर ठेवते. त्यानंतर त्या स्क्रीनशॉटवर हसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

ते वाक्य तिच्या डोक्यात कुठून आलं, हे शोधायला फार डोकं लागत नाही. आपण रोज म्हणतो, ‘उद्या मला आठवण कर हं.’ आठवण कर म्हणजे रिमेंबर. मला म्हणजे मी. (इंग्रजीतलं मी, आपलं नव्हे, देवनागरीत लिहिलं की हाही एक घोळच.) दोन्ही जोडलं, झालं वाक्य. तिने व्याकरण तोडलं नाही, उलट काटेकोरपणे पाळलं. फक्त ते मराठीचं होतं.

आपल्या भाषेत ‘आठवण’ हा शब्द घरातल्या स्टीलच्या डब्यासारखा आहे. डबा एकच. कधी त्यात पोळ्या, कधी लाडू, कधी सुईदोरा. आत काय आहे हे शेजारचं क्रियापद सांगतं. आठवण येते. आठवण काढतात. आठवण ठेवतात. आठवण राहते. आठवण करून देतात. एका शब्दावर आपलं सगळं भागतं. इंग्रजीने या प्रत्येक कामाला वेगळं माणूस नेमलंय. आपण गडबडतो ते इथे: आपण एकाच डब्याचं एकच नाव पाठ केलेलं असतं, रिमेंबर.

म्हणजे बघा. हॉस्टेलवरच्या मुलीला रविवारी संध्याकाळी आईची आठवण येते. ती फोनवर म्हणते, ‘आय ॲम रिमेंबरिंग यू, मम्मी.’ इंग्रज माणसाला वाटेल, ही बहुतेक आईचा चेहरा विसरली होती आणि आत्ता कुठे आठवायला लागलाय. तिथे त्यांना ‘मिस’ लागतं: ‘आय मिस यू.’ आता हे ‘मिस’ आपल्याला परकं वाटतं, कारण शाळेत ते बससोबत शिकवलं. आय मिस्ड द बस, माझी बस चुकली. पण थांबा. घरातून कोणी गेलं, की आपण काय म्हणतो? ‘चुकल्या-चुकल्यासारखं होतंय.’ बसही चुकते आणि माणूस नसलं की चुकल्यासारखंही होतं. म्हणजे ‘मिस’ची सगळी युक्ती आपल्याकडे आधीपासून होती! पाच वर्षांच्या इंग्रजीच्या तासांत हे मला कोणीच सांगितलं नाही. मला हे सीबीएसवर, सुटलेल्या एसटीकडे बघताना सुचलं.

‘आठवण काढणे’ तर फारच भारी प्रकरण आहे. ‘आत्या तुझी आठवण काढत होती.’ यात आत्या नुसती मनात काही करत नाही. ती बोलते. चार लोकांत तुझं नाव घेते, तू लहानपणी काय उद्योग केलेस ते सांगते, आणि जमलं तर तुझ्या लग्नाचंही काढते. त्याच वेळी तुला इकडे उचकी लागते, आणि तू दारात उभी राहिलीस तर ‘शंभर वर्षं आयुष्य आहे गं तुला!’ या सगळ्याला इंग्रजीत एक शब्द नाही. ‘शी वॉज आस्किंग अबाउट यू’ म्हणा, ‘शी वॉज टॉकिंग अबाउट यू’ म्हणा. उचकी काही लागत नाही.

आणि ‘आठवणीने’! ‘पोचल्यावर आठवणीने फोन कर.’ यात काळजी आहे, थोडी धमकीपण आहे. इंग्रजीत करायला गेलं की ‘डोन्ट फरगेट टू कॉल’ इतकंच उरतं.

राहिलं ते आपल्या मैत्रिणीचं वाक्य. दुसऱ्याने आपल्याला आठवण करून द्यायची असेल तर ‘रिमाइंड’. रिमाइंड मी. रिमाइंड मी अबाउट द डेट. आपोआप आठवण करून देणारी वस्तू असेल तरी तेच, फक्त पुढे ‘ऑफ’: धिस स्मेल रिमाइंड्स मी ऑफ माय स्कूल. ढोबळ खूण अशी, की आठवण ज्याच्या डोक्यात असते तो रिमेंबर करतो आणि जो बाहेरून टोचतो तो रिमाइंड करतो. सरकारी मराठीत याला सुंदर शब्द आहे. एखाद्या कार्यालयाला पत्र पाठवलं आणि उत्तर आलं नाही, की पुन्हा पाठवतात ते ‘स्मरणपत्र’. मग स्मरणपत्र क्रमांक दोन, मग तीन. कार्यालय रिमेंबर करत नाही म्हणून नागरिक रिमाइंड करतो. स्कॉलरशिपचा अर्ज भरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मला ज्याने खरंच हलवलं, त्याकडे येते.

१६११ च्या सुमाराचं शेक्सपियरचं ‘द टेम्पेस्ट’ नावाचं नाटक आहे. त्यात प्रॉस्परो नावाचा जादूगार आणि त्याच्या ताब्यातला एरिएल नावाचा हवेतला जीव. प्रॉस्परोने त्याला सुटका करण्याचं वचन दिलंय आणि अजून पाळलेलं नाही. पहिल्याच अंकात एरिएल त्याला त्या वचनाची आठवण करून देतो. आणि आठवण करून देताना तो क्रियापद कुठलं वापरतो? रिमाइंड नाही. रिमेंबर. ‘मला तुला रिमेंबर करू दे’ अशाच अर्थाचं वाक्य आहे ते. हुबेहूब आपल्या सुरगाण्याच्या मैत्रिणीची रचना! त्या काळच्या इंग्रजीत रिमेंबरचा एक अर्थ ‘आठवण करून देणे’ असाही होता. पुढे तो मागे पडला आणि ते काम रिमाइंडकडे गेलं.

तर माझी मैत्रीण अडाणी नव्हती. फार तर चारशे वर्षं उशिरा जन्मली, असं म्हणू.

अजून मागे गेलात तर आणखी मजा. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ लिहिल्या. त्यात बाथ गावची एक बिनधास्त बाई आहे, पाच लग्नं केलेली. तिला तिचं तारुण्य आठवतं तेव्हा ती आजच्यासारखं ‘आय रिमेंबर’ म्हणत नाही. तिची रचना ‘मला आठवतं’ची आहे, म्हणजे आठवणं तिच्याकडे चालत येतं. जुन्या इंग्रजीतलं ‘मीथिंक्स’ ऐकलंय ना? ते अगदी ‘मला वाटतं’ आहे. इंग्रजी माणूसही एकेकाळी मराठीसारखाच बोलत होता. नंतर त्याने प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर ‘आय’ बसवला: आय थिंक, आय लाइक, आय रिमेंबर. आपण मात्र अजून मला वाटतं, मला आवडतं, मला आठवतं असंच म्हणतो.

हा फरक वरवरचा वाटतो, पण तासभर विचार करून बघा. मराठीत आठवणीचा मालक मी नाही. आठवणी येतात, दाटतात, उफाळतात. मी फक्त ‘मला’ म्हणून दारात उभी. इंग्रजीत मी करते: आय रिमेंबर, जसं आय रीड, आय कुक. आणि याहून गंमत म्हणजे विसरण्याची. तिथे मराठी एकदम पलटते. ‘मी विसरले.’ मला नाही, मी! आठवलं तर ते आपलं आपण आलं, आणि विसरलं तर ती माझी करणी. म्हणूनच ‘विसरले’ म्हणताना आपण जरा ओशाळतो. पळवाटही भाषेनेच ठेवलीय म्हणा: ‘मला विसर पडला.’ जणू तो वरून पडला आणि मी खाली उभी होते. परीक्षेनंतर बाबांना सांगताना हे वाक्य वापरून बघा.

बरं, ‘विसर’ या शब्दाच्या आत कोण लपलंय माहितीये? ‘स्मर’. संस्कृत विस्मृ, त्याचं प्राकृतातून घासत घासत झालं विसरणे. म्हणजे विसरण्याच्या पोटातच स्मरण आहे. आणि हाच ‘स्मृ’ भाषाशास्त्रज्ञांच्या मते लॅटिनमधल्या ‘मेमोर’चा नातेवाईक, ज्याच्यापासून फ्रेंचमार्गे रिमेंबर आलं. रिमाइंडमधलं ‘माइंड’ही परकं नाही, ते आपल्या ‘मन’च्या कुळातलं. एकच घराणं, हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली भावंडं. जाता जाता: संस्कृतात ‘स्मर’ हे मदनाचंही नाव आहे. कोणाची सारखी आठवण येणं म्हणजे काय, ते त्या लोकांना नीट कळलेलं होतं.

आता थोडं कामाचं. इंटरव्ह्यू आणि परीक्षा दोन्हीकडे उपयोगी पडेल.

‘रिमेंबर’च्या पुढे कधी ‘टू’ येतं, कधी ‘इंग’ येतं. शाळेत आपण हे घोकलं आणि विसरलो (मी विसरले, मला विसर नाही पडला). खरं तर मराठीत हा भेद इतका स्वच्छ आहे, की घोकायची गरजच नव्हती. ‘हॉलतिकीट घ्यायचं लक्षात ठेव.’ घ्यायचं, म्हणजे अजून घेतलेलं नाही. तिथे रिमेंबर टू टेक. ‘हॉलतिकीट घेतल्याचं आठवतंय.’ घेतल्याचं, म्हणजे काम झालंय. तिथे रिमेंबर टेकिंग. ‘-यचं’ दिसलं की टू, ‘-ल्याचं’ दिसलं की इंग. एवढंच. पेपरच्या दिवशी सकाळी साडेनऊला गेटवर उभं असताना या दोन वाक्यांतलं कुठलं आपलं आहे, त्यावर पुढचे तीन तास अवलंबून असतात. फरगेटचंही तसंच: दार लावायचं विसरले, फरगॉट टू लॉक. आणि ‘तुला पहिल्यांदा भेटल्याचं मी कधीच विसरणार नाही’, तिथे नेव्हर फरगेट मीटिंग यू. (कोणाला म्हणायचं असेल तर म्हणा, आम्ही मध्ये येत नाही.)

दुसरी अडचण ‘आय ॲम नॉट रिमेंबरिंग’ची. हे आपण सगळे बोलतो, प्राध्यापकही. कारण ‘आठवत नाहीये’ हे आपल्याकडे चालू काळासारखं दिसतं, म्हणून आपण ‘इंग’ लावतो. इंग्रजीत रिमेंबर ही सहसा करत असलेली क्रिया मानत नाहीत, ती असलेली अवस्था मानतात. नो, लाइक, बिलाँग यांच्या पंगतीतली. म्हणून आय डोन्ट रिमेंबर. व्हायव्हामध्ये उत्तर अगदी ओठांवर असेल आणि बाहेर येत नसेल तर आय कान्ट रिमेंबर म्हणा. त्यात प्रयत्न चालू असल्याचं तरी समोरच्याला कळतं.

‘बायहार्ट’चा तर आपण परस्पर क्रियापदच करून टाकलं. ‘मी ते बायहार्ट केलं.’ इंग्रजीत हार्टच्या आधी लर्न हवं किंवा नो हवं. पण मला यात दुसरीच गोष्ट आवडते. त्यांचं पाठांतर हृदयात असतं, आपलं तोंडात: तोंडपाठ, मुखोद्गत, कंठस्थ. आपल्याकडे ज्ञान शतकानुशतकं बोलून पुढे गेलं, म्हणून ते तोंडात आणि गळ्यात राहायला गेलं असावं, असं आपलं माझं मत. नोंदीसाठी त्यांचा शब्द आहे ‘रेकॉर्ड’. त्याच्याही आत लॅटिनमधलं हृदयच आहे. लॅटिनमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ होता आठवणे.

या ‘रेकॉर्ड’वरून रामकुंड आठवलं. (आठवलं, मी आठवलं नाही.) तिथल्या क्षेत्रोपाध्यायांकडे नामावळींच्या वह्या असतात, हे नाशिककरांना सांगायला नको. गाव सांगा, आडनाव सांगा, गुरुजी नेमकी वही काढतात. आजोबांच्या दिवसांसाठी गेलो होतो तेव्हा त्यांनी अशीच वही उघडली आणि बाबांना एका ओळीवर बोट ठेवून दाखवलं. माझ्या पणजोबांची मोडीतली सही. आमच्या घरात त्यांना बघितलेलं कोणी उरलं नव्हतं. त्यांचा फोटो नाही, त्यांची एकही गोष्ट नाही. बाबा त्या सहीकडे बराच वेळ बघत राहिले. ती त्यांना वाचता येत नव्हती.

मला प्रश्न पडला, की याला इंग्रजीत काय म्हणायचं? वी रिमेंबर हिम? मराठीत ‘आम्हाला ते आठवतात’ म्हणताच येणार नाही, कारण बघितलंच नाही तर आठवणार कसं? इथे मराठीने दोन खोल्या वेगळ्या ठेवल्यात. ‘आठवण’ स्वतः अनुभवलेल्याची. न बघितलेल्यासाठी ‘स्मरण’. शाळेतल्या पंख्याच्या पातीवर, पाणपोईवर, देवळाच्या पायरीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असतं, आठवणार्थ नसतं. इंग्रजी दोन्ही एकाच शब्दात उरकते. परवाचा पिक्चरही रिमेंबर आणि महायुद्धात पडलेले सैनिकही रिमेंबर. ११ नोव्हेंबरला त्यांच्याकडे रिमेंबरन्स डे असतो. एरवी वाटेल-त्या-कामाला-वेगळा-माणूस नेमणारी इंग्रजी इथे कंजूष झाली, आणि एका डब्यावर भागवणाऱ्या आपण इथे श्रीमंत.

या श्रीमंतीचा सगळ्यात जुना पुरावा आपल्या पायथ्याशी आहे. पांडवलेणी. तिथे आपण पावसाळ्यात सेल्फीला जातो आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर काय कोरलंय याकडे पाठ करून उभे राहतो. त्या भिंतीवर एका आईने आपल्या गेलेल्या मुलाबद्दल लिहून ठेवलंय. आई म्हणजे गौतमी बलश्री. मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी, सातवाहनांचा सर्वांत नावाजलेला राजा. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं, तेव्हाचा हा प्राकृतातला, ब्राह्मी लिपीतला लेख. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. दानाचा मजकूर असा थोडाच आहे. बाकी सगळा मुलगा. त्याने शक, यवन, पल्हव यांना हरवलं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. हे राजाचं वर्णन झालं. पण मध्येच ती सांगते, की नगरातल्या लोकांच्या सुखदुःखात तो आपलंच समजून सहभागी व्हायचा, आणि आईची सेवा करण्यात त्याने कधी खंड पडू दिला नाही. तिथे राजमाता बोलत नाही, आई बोलते. तिची ती आठवण होती. आपल्यासाठी ते स्मरण आहे. आणि लेखाची माहिती देणारी पाटी म्हणजे, म्हटलं तर, रिमाइंडर.

पाटीवरून अजून एक सांगते आणि पुढे जाते. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आपण रणजीचे सामने बघतो, फेस्टिव्हलला जातो. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठरला होता आणि तिथे या मुलाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तेव्हा तो अठराच्या आसपास होता, एफवायच्या पोरांएवढा. मी आमच्या वर्गात विचारलं, कान्हेरे कोण? तिघांनी सांगितलं, ‘मैदान.’ नाव लक्षात आहे, माणूस नाही. यासाठी इंग्रजीतही शब्द नसावा.

आता मूळ मुद्दा, कारण हे संपादकीय आहे, निबंध नाही.

आपल्याला इंग्रजी शिकवताना पहिला सल्ला मिळतो, ‘इंग्रजीत विचार करा. मराठी डोक्यातून काढून टाका.’ काही वर्गांत मराठी बोललं तर दंडसुद्धा असतो, दहा रुपये, डब्यात टाकायचे. मला हा सल्ला आता खोटा वाटतो. पेठ, सुरगाणा, कळवणहून आलेली, अठरा वर्षं मराठीत, कोकणीत, अहिराणीत जगलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला डोकं धुऊन कशी येतील? आणि का यावीत? आत्ता वर जे ‘-यचं’ आणि ‘-ल्याचं’ बघितलं, ते पाच ओळींत झालं, कारण मराठी हाताशी होती. ‘मिस’ कळलं ते ‘चुकल्या-चुकल्यासारखं’मुळे. आपल्या आजोबांच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, मराठी वाक्य एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला ठेवून. त्यांचं इंग्रजी आपल्यापेक्षा वाईट नव्हतं. तर इंग्रजी शिकवणाऱ्या सर-मॅडमना विनंती, की चूक दिसली की नुसता लाल गोल करू नका. ती कुठल्या मराठी वाक्यातून आली ते एकदा फळ्यावर लिहा. दोन मिनिटं लागतात. प्लेसमेंट सेलने इंटरव्ह्यूच्या आधी टाय कसा बांधायचा ते शिकवण्याबरोबर एक तास यासाठी ठेवला तरी पुष्कळ.

आणि हो, चूक ही चूक आहे, हेही सांगते. ‘शेक्सपियर असं म्हणायचा’ हे एचआरला सांगून नोकरी मिळत नाही. आजच्या इंग्रजीत रिमाइंड मी म्हणायचं तर रिमाइंड मीच म्हणायला लागेल. शिकायला लागेल. पण शिकायला माणूस वर्गात टिकला पाहिजे, ग्रुपवर टिकला पाहिजे. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, ज्या बोटांनी आपण ‘माझी मराठी’चं स्टेटस ठेवतो, त्याच बोटांनी वर्षभर मराठीतून आलेल्या इंग्रजीला इमोजी देतो. मी दिलीय, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते.

कॉम्प्युटर लॅबमध्ये लॉगिन करताना पासवर्डखाली एक चौकोन असतो बघा, ‘रिमेंबर मी’. तिथे ते वाक्य अगदी बरोबर असतं, कारण मशीनने आपल्याला लक्षात ठेवायचं असतं. शेजारी ‘फरगॉट पासवर्ड?’ही असतं, विसरण्याची सोय करून ठेवलेली. (लॅबमधल्या मशीनवर त्या चौकोनात टिक करू नका. तुमच्यानंतर बसणारा तुमच्या नावाने काहीही पाठवू शकतो. हा अनुभव स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

मागच्या आठवड्यात मी ग्रुपवर वर वर जात तो स्क्रीनशॉट शोधला. अजून तिथेच होता. माझी इमोजी काढली. एक कमी झाली, बाकीच्या हसतायत. मग तिला फोन केला आणि एरिएलची गोष्ट सांगितली. ती पहिल्यांदा काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे माझं बरोबर होतं?”

“१६११ मध्ये बरोबर होतं.”

“मग त्या मॅडमला सांग ना!”

आणि हसली. बऱ्याच दिवसांनी. येत्या शुक्रवारी सातपूरच्या एका कंपनीत तिचा इंटरव्ह्यू आहे. फोन ठेवताना म्हणाली, “गुरुवारी रात्री मला आठवण कर गं, आठवणीने.” मी नऊचा गजर लावून ठेवलाय.